बडोद्याच्या मराठी शाळा आणि दोन्ही भाषा येणारे शिक्षक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला, शाळा प्रवेशोत्सवाचे फलक लागले, की हे प्रश्न येऊ लागतात. मांजलपूर, वाडी, मकरपुरा, पाणीगेट इथले पालक विचारतात. डीएलएड (प्राथमिक शिक्षकाची पदविका) करणारी मुले-मुली विचारतात. नातवंडांची काळजी असलेले आजोबा तर दरवर्षी विचारतात. तेच ते प्रश्न एकत्र करून इथे उत्तरे दिली आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, अडचणीचे पुढे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. द्विभाषिक शिक्षक म्हणजे कोण? आमच्या शाळेतल्या बेन मराठी छान बोलतात, मग त्या द्विभाषिकच ना?

बोलणे आणि शिकवणे यांत बरेच अंतर आहे. इथे द्विभाषिक शिक्षक म्हणजे असा माणूस, जो मराठीतून गणित, विज्ञान, समाजशास्त्र शिकवू शकतो आणि त्याच वेळी गुजरातीतून वाचू, लिहू, शिकवू शकतो. दोन्ही लागतात, कारण वर्ग मराठीत चालतो आणि बाकी सगळे गुजरातीत: परिपत्रके, प्रशिक्षण, ऑनलाइन हजेरी, सीआरसींच्या (शाळासमूहाच्या समन्वयकांच्या) बैठका.

सहावीचे एक उदाहरण घ्या. मराठी पुस्तकात लसावि आणि मसावि. गुजराती प्रशिक्षणात त्यालाच लसाअ आणि गुसाअ म्हणतात. वजाबाकीला बादबाकी, बेरजेला सरवाळो. गुणाकार-भागाकार मात्र दोन्हीकडे सारखे, त्यामुळे सगळेच सारखे असेल असे वाटते आणि तिथेच फसगत होते. ज्या बाईंचे स्वतःचे शिक्षण गुजरातीतून झाले, त्या घरी कितीही अस्सल मराठी बोलत असल्या तरी फळ्यापुढे उभ्या राहिल्या की अवयव आणि अवयवी म्हणून मोकळ्या होतात. मुलांच्या पुस्तकात विभाजक आणि विभाज्य छापलेले असते. यात बाईंचा दोष नाही. त्यांना मराठीतून शिकवायचे प्रशिक्षण कुणी दिलेलेच नसते.

दुसरा प्रकार गुजराती माध्यमाच्या शाळेतला. वर्गात निम्मी मुले मराठी घरांतली, आणि पहिली-दुसरीत त्यांना समजेल असे बोलणारे कुणी नाही. त्यांच्याबद्दल प्रश्न ९ पाहा.

२. बडोद्यात सरकारी मराठी शाळा अजून आहेत का? त्या कोण चालवते?

आहेत. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा नगर प्राथमिक शिक्षण समिती चालवते आणि त्यांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमही आहे. आठवीपर्यंतचे शिक्षण तिथे होते. नववीपासून पुढे बहुतेक कारभार ट्रस्टच्या अनुदानित शाळांचा.

सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेले. हे आपण प्रत्येक सभेत सांगतो आणि सांगायलाही हवे. पण त्या पुण्याईवर आज एकही पद भरले जात नाही. १ मे १९६० नंतर मराठी इथे अल्पसंख्याकांची भाषा झाली. २०११ च्या जनगणनेत गुजरातमध्ये मातृभाषा मराठी सांगणारे ९ लाखांहून जास्त होते, तरी राज्याच्या लोकसंख्येत ते दीड टक्क्याच्या आसपासच. पदे मंजूर करणारा हाच दीड टक्का बघतो.

३. शहरात एवढी मराठी वस्ती असून मराठी शिक्षक मिळत नाहीत, हे कसे?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून उत्तरही लांब आहे.

मराठी माणसांची कमतरता नाही. कमतरता आहे ती एका विशिष्ट माणसाची. त्याने मराठीतून लिहिता-शिकवता येण्याइतके मराठी शिक्षण घेतलेले हवे, गुजराती लिहिता-वाचता यायला हवी, डीएलएड किंवा बीएड हवे, आणि त्यावर गुजरातची टेट (शिक्षक पात्रता परीक्षा) पास हवी. दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात तीन-तीन पिढ्या राहिलेल्या घरांत बघा. आजोबा मराठी शाळेत शिकले, वडील गुजराती किंवा मराठी शाळेत, आणि नात इंग्रजी शाळेत. नातीला शिक्षिका व्हायचेच असेल तर ती इंग्रजी शाळेत जाईल. मराठी शाळेत शिकलेली मुले आता मुख्यतः कारखान्यांच्या भागातली, नंतर आलेल्या खानदेशी कुटुंबांतली. त्यांच्यातून बारावीनंतर डीएलएडला जाणारे कमी, आणि अध्यापक विद्यालयातले शिक्षण बहुतेक गुजरातीतून. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

जळगाव-धुळ्याकडून येऊ पाहणाऱ्यांची मराठी पक्की असते, पण त्यांचे गाडे गुजरातीपाशी आणि टेटपाशी अडते (प्रश्न १०).

त्यात नोकरीचे स्वरूप. विद्यासहायक (सरकारी प्राथमिक शाळेतला नवा शिक्षक) म्हणून लागल्यावर पहिली पाच वर्षे ठरलेल्या पगारावर काढावी लागतात. ज्याला दोन भाषा लिहिता-वाचता येतात त्याला शहरात बँका, विमा, खासगी कंपन्या, क्लासेस असे दहा दरवाजे उघडे असतात.

भरती होते तेव्हाही आपल्या वाट्याचा आकडा दिसत नाही. नोव्हेंबर २०२४ च्या विद्यासहायक भरतीत १३,८५२ जागा होत्या. त्यांतल्या १२,००० गुजराती माध्यमाच्या आणि १,८५२ ‘अन्य माध्यम’ या खात्यातल्या. हे अन्य माध्यम म्हणजे हिंदी, मराठी, उर्दू, इंग्रजी सगळे एका पिशवीत. एकूण भरती मोठी दिसते, बातमी छापून येते, आणि बडोद्याच्या एखाद्या मराठी शाळेत बाईंची खुर्ची तशीच रिकामी राहते. माझ्या मते खरे दुखणे हेच आहे. माध्यमवार हिशेब लोकांपुढे येत नाही, म्हणून टंचाई सिद्धच होत नाही.

आणि मग चक्र सुरू होते. शिक्षक नाही म्हणून पालक मुलाला काढतात, पट घटतो, पट घटला म्हणून पद कमी होते, आणि ते पद ज्यांचे होते त्या बाई वधघटीच्या (पदे कमी-जास्त करण्याच्या) कॅम्पात ‘फाजल’, म्हणजे जास्तीच्या, ठरून दुसरीकडे जातात. पुढच्या जूनमध्ये आणखी चार पालक दाखला मागतात.

४. आमच्या शाळेत पहिली ते पाचवी मिळून ४० मुले आहेत. किती शिक्षक मिळायला हवेत?

दोन. शिक्षणहक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असे ठरवून दिले आहे. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक. शिवाय तिथे गणित-विज्ञान, समाजशास्त्र आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक हवा.

म्हणजे कायद्याने बघितले तर ४० मुलांना दोन शिक्षक ‘पुरेसे’ आहेत. पण ती ४० मुले पाच इयत्तांत विखुरलेली असतात. दोन खोल्या, एकीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी-पाचवी. फळ्यावर खडूने उभ्या रेघा मारून तीन भाग केलेले. डावीकडे तिसरीचे पाढे, मधे चौथीचा भूगोल, उजवीकडे पाचवीचे अपूर्णांक. पाचवीला समजावत असताना तिसरीने गप्प बसायचे. यातला एक शिक्षक रजेवर गेला की दुसऱ्याकडे पाचही इयत्ता येतात. कायदा पाळला गेलेला असतो आणि वर्ग तरीही चाललेला नसतो. छोट्या माध्यमांच्या शाळांना ही रचना नेहमीच मारक ठरते.

५. एक जागा रिकामी असेल तर त्यात काय एवढे? सगळीकडेच असतात.

शिक्षणहक्क कायद्याचे कलम २६ वाचा. नेमणूक करणाऱ्याच्या ताब्यातल्या शाळेत मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त जागा रिकाम्या असता कामा नयेत. हा हिशेब शाळेचा आहे, शहराचा किंवा जिल्ह्याचा नाही. पाच पदांच्या शाळेत एक जागा रिकामी म्हणजे २० टक्के. दोन पदांच्या शाळेत ५० टक्के.

‘जिल्ह्यात सरासरी रिक्त पदे कमी आहेत’ असे उत्तर मिळाले तर नम्रपणे या कलमाकडे बोट दाखवावे. वाद घालायची गरज पडत नाही.

६. मंजूर किती, भरलेली किती, हे आम्हा पालकांना कसे कळणार?

माहिती अधिकाराचा अर्ज करा. गुजरातमध्ये अर्जाची फी २० रुपये आहे. उत्तर ३० दिवसांत यायला हवे, आले नाही तर पहिले अपील. अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत करावा, कारण कायद्यात इंग्रजी, हिंदी आणि त्या भागाची राजभाषा एवढ्याच भाषा आहेत. मराठी शाळेसाठीचा अर्ज मराठीत चालत नाही याचा पुष्कळांना राग येतो. तो राग बाजूला ठेवून शेजारच्या पटेलकाकांकडून गुजराती मसुदा तपासून घ्यावा.

‘मराठी शाळांमध्ये शिक्षक का नाहीत?’ असे विचारू नका. ‘का’ला उत्तर देणे बंधनकारक नाही. विचारायचे ते असे: अमुक शाळेचे इयत्तावार आणि माध्यमवार मंजूर महेकम (पदसंख्या) किती, अमुक तारखेला प्रत्यक्ष काम करणारे किती, त्यांतले कायम किती आणि करारावरचे किती, प्रत्येक रिकामी जागा कोणत्या तारखेपासून रिकामी आहे, आणि भरतीसाठी मागणीपत्र कधी पाठवले त्याची प्रत. शेवटचे दोन मुद्दे सोडू नका. मागणीच गेली नसेल तर भरतीत जागा येणार कशी? पुष्कळदा इथेच घोडे पेंड खाते.

एका अर्जात एकच शाळा घ्या. सगळ्या शाळांची माहिती मागितली की ‘माहिती विपुल आहे, येऊन पाहून घ्या’ असे उत्तर येण्याची शक्यता वाढते.

७. आमच्याकडे ज्ञानसहायक आले आहेत. म्हणजे जागा भरली ना?

नाही. ज्ञानसहायक योजना २०२३ मध्ये आली. नेमणूक ११ महिन्यांच्या कराराची. मूल शिकते आहे, वर्ग उघडा आहे, एवढ्यापुरते चांगलेच. पण पद रिकामेच राहते. करार संपला, नवा व्हायला वेळ लागला, की त्या मधल्या दिवसांत वर्ग पुन्हा कुणाच्या तरी गळ्यात पडतो. मराठी माध्यमाचा ज्ञानसहायक मिळणेही त्याच अडचणीत सापडते जी प्रश्न ३ मध्ये आहे. माहिती मागताना म्हणूनच कायम आणि करार वेगळे विचारायला सांगितले.

करारावर येणारी ही तरुण मंडळी मन लावून शिकवतात, असे पालकच सांगतात. त्यांच्यावर चिडू नका.

८. गुजराती सक्तीची झाली म्हणे. मग मराठी शाळा बंद होणार का? आणि मराठी मुलांना गुजराती जमते का?

बंद होणार नाहीत. गुजरात विधानसभेने फेब्रुवारी २०२३ मध्ये केलेला कायदा पहिली ते आठवीला गुजराती हा विषय शिकवण्याची सक्ती करतो, माध्यम बदलण्याची नाही. न शिकवणाऱ्या शाळेला पहिल्या खेपेला ५०,००० रुपये दंड, मग १ लाख, मग २ लाख. परराज्यातून आलेल्या विद्यार्थ्याला लेखी विनंतीवर सूट मिळू शकते. या कायद्याचा रोख मुख्यतः खासगी इंग्रजी शाळांवर होता. आपल्या मुलांनी गुजराती शिकायलाच हवी, त्यात वाद नको. गुजराती येत नसलेल्या मराठी मुलाला बडोद्यात रिक्षाचे भाडेही ठरवता येणार नाही.

जमते का, तर जमते, आणि लवकर जमते. पहिले काही आठवडे मुले गुजराती अक्षरांवरही रेघ ओढतात. वहीत ओळीच्या ओळी डोक्यावर रेघ घेतलेल्या गुजरातीच्या असतात. क, ख, अ, झ ही अक्षरे वेगळी दिसतात म्हणून अडखळायला होते. ग, म, न, त जवळपास ओळखीचेच. अंकांचा घोळ जास्त टिकतो, कारण गणिताच्या वहीत एक अंक आणि गुजरातीच्या वहीत दुसरे. ज्यांना दोन्ही लिप्या हाताखालून गेल्या आहेत त्या बाई पहिल्याच दिवशी सांगतात, ‘या वहीत रेघ नाही,’ आणि अक्षरे सारखी कोणती, वेगळी कोणती याचा तक्ता भिंतीवर लावतात. फक्त गुजराती येणारा शिक्षक त्याच वहीवर लाल फुल्या मारतो. चूक कुठून आली हे त्याला दिसतच नाही. द्विभाषिक शिक्षक कशाला हवा, असे कुणी विचारले तर ही वही दाखवावी.

९. आमची शाळा गुजराती माध्यमाची, पण वर्गात १५ मुले मराठी घरांतली आहेत. मराठी शिक्षक मागता येतो का?

मागता येतो. घटनेचे कलम ३५०-अ १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा, असे त्यात म्हटले आहे. किती मुले असली तर सोय, याचे माप १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले: सगळ्या शाळेत मिळून ४० किंवा एका वर्गात १० मुले त्या भाषेची असली तर निदान एक शिक्षक. तुमच्या वर्गात १५ आहेत, म्हणजे माप पूर्ण होते.

पण हे माप संमत झालेले संरक्षण आहे, शिक्षणहक्क कायद्यासारखे दंडाचे कलम त्यामागे नाही. अर्ज दिला की शिक्षक आला, असे होत नाही. तरी अर्ज द्यावाच, आणि प्रवेशाच्या वेळी मातृभाषेच्या रकान्यात ‘मराठी’ लिहावे. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण निम्मे पालक घाईत तिथे गुजराती लिहून येतात, किंवा फॉर्म भरून देणारा लिहितो. रकान्यात १५ च्या जागी ६ मुले दिसली तर मागणी तिथेच संपली. उत्तर न आल्यास कलम ३५०-ब खाली नेमलेल्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे निवेदन पाठवता येते.

१०. मी जळगावला डीएड केले, महाराष्ट्राची टेट पास आहे. लग्न होऊन बडोद्याला आले. इथल्या मराठी शाळेत लागेन का?

ताई, थेट नाही. डीएड राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या संस्थेतून केलेले असेल तर ते वाया जात नाही. पण गुजरातच्या सरकारी भरतीला गुजरातची टेट लागते: पहिली ते पाचवीसाठी टेट-१, सहावी ते आठवीसाठी टेट-२. गुणवत्ता यादी माध्यमानुसार लागते, म्हणून जाहिरातीतला अन्य माध्यमाचा भाग नीट वाचा. टेट एकदा पास झाली की आता ती कायमची. सात वर्षांची मुदत २०२१ मध्ये काढून टाकली.

तोवर गुजराती शिका. बोलण्यापुरती नव्हे, लिहिण्याइतकी. रोज वर्तमानपत्राचे एक पान मोठ्याने वाचणे आणि त्यातल्या दोन बातम्या वहीत उतरवणे, एवढे नियमाने केले तर वर्षभरात परीक्षेपुरती तयारी होते.

नव्या शैक्षणिक धोरणाची प्रत वाचली असेल तर २०२० च्या त्या धोरणात राज्यांनी एकमेकांकडून भाषाशिक्षक घेण्यासाठी करार करावेत असे सुचवलेले दिसेल. महाराष्ट्र आणि गुजरात शेजारी राज्ये. असा करार झाला तर तुमच्यासारख्यांचा प्रश्न एका फटक्यात सुटेल. आज मात्र त्यावर विसंबून परीक्षा चुकवू नका.

११. आमच्या जुन्या बाई टेट व्हायच्या आधी लागल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यांची नोकरी जाईल का?

१ सप्टेंबर २०२५ च्या निकालात असे सांगितले आहे की ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ उरला आहे, त्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टेट पास व्हावे. ज्यांची पाच वर्षांपेक्षा कमी उरली ते निवृत्तीपर्यंत राहू शकतात, पण टेटशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे पाठवला आहे.

मराठी माध्यमावर याचा भार जास्त पडेल, कारण दोन्ही भाषांत मुरलेल्या बाई बहुतेक याच पिढीतल्या. पंचवीस वर्षे शिकवलेल्या बाईंना पुन्हा परीक्षेला बसवणे कुणालाच आवडत नाही. तरी अभ्यासाला लागा, असेच मी त्यांना सांगतो. मुलांनी मदत करावी.

१२. मराठी शिक्षक नाही म्हणून हिंदी माध्यमाच्या शिक्षकाला मराठी वर्ग दिला आहे. लिपी एकच आहे, चालते असे म्हणतात. खरे का?

काही आठवडे निभावून न्यायला चालते. वर्षभर नाही. लिपी एकच असल्यामुळे शिक्षक पाठ मोठ्याने वाचू शकतो, आणि बाहेरून येणाऱ्याला वर्ग चालू आहे असे दिसते. मुलाने ‘माझ्या आईने डबा दिला’च्या जागी ‘माझी आईने डब्बा दिली’ लिहिले तर त्याला ते खटकत नाही. ळ आणि ल, न आणि ण सरमिसळ होतात. सहावीपुढे निबंध तपासायची वेळ आली की झाकलेली मूठ उघडते.

विचारायचे ते लेखी विचारा: ही व्यवस्था तात्पुरती आहे का, कधीपर्यंत, आणि मूळ पद रिकामे दाखवले आहे का. पद ‘भरलेले’ दाखवले असेल तर ते दुरुस्त करून घेणे सर्वांत महत्त्वाचे. नाहीतर पुढच्या भरतीत ती जागा येणारच नाही.

१३. बाई सारख्या निवडणुकीच्या कामाला जातात. हे कायदेशीर आहे का?

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शाळाबाह्य कामे देता येतात. बीएलओचे (मतदारयादीचे काम बघणाऱ्या बूथ अधिकाऱ्याचे) काम निवडणुकीत मोडते. दोन शिक्षकांच्या शाळेतून निदान दोघांना एकाच वेळी बोलवू नये, एवढी विनंती मुख्याध्यापकांमार्फत करता येते.

१४. मंडळाने किंवा ट्रस्टने पगार देऊन एक मराठी बाई नेमून दिल्या तर?

भावना चांगली आहे, आणि परवानगी घेऊन असे मदतनीस ठेवणे अशक्य नाही. पण माझा अनुभव सावधपणाचा आहे. देणगीवरच्या बाई आल्या की पालकांची कुरकुर थांबते, कुरकुर थांबली की रिकाम्या पदाचा पाठपुरावा थांबतो. दोन वर्षांनी देणगीदार थकतात. द्यायचेच असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात ‘पद भरेपर्यंत’ हे शब्द घाला.

स्वतःची शाळा काढायची असेल तर तो वेगळा रस्ता आहे. घटनेचे कलम ३० भाषिक अल्पसंख्याकांनाही शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देते. अल्पसंख्य कोण हे राज्याच्या हिशेबाने ठरते, म्हणजे गुजरातेत मराठी भाषक अल्पसंख्य. ते काम मात्र एका उत्साही मंडळाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

१५. शाळा व्यवस्थापन समितीत गेलो तर काही फरक पडतो का? तिथे नुसत्या सह्याच घेतात.

सह्या घेतात, कारण आपण न वाचता करतो. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे शिक्षणहक्क कायदा सांगतो. समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा असतो आणि वाढीव शिक्षकांची गरज त्यात लिहायची असते. ‘मराठी माध्यम, गणित-विज्ञान, एक पद, रिकामे’ अशी ओळ आराखड्यात आली की ती शाळेची अधिकृत मागणी होते. बैठकीला जाताना मागच्या वर्षीचा आराखडा मागून घ्या. पुष्कळदा त्यात ‘गरज नाही’ असे छापून तयार असते.

१६. पट कमी म्हणून आमची शाळा दुसरीत मिसळली. जवळची शाळा गुजराती, मराठी शाळा लांब. नियम काय?

शिक्षणहक्काच्या नमुना नियमांत पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असे आहे. अडचण अशी की या अंतराला माध्यम नाही. अर्ध्या किलोमीटरवर गुजराती शाळा असली की नियम पुरा झाला. दुसरीकडे त्याच कायद्याचे कलम २९ म्हणते की शक्य तेथवर शिक्षण मातृभाषेतून असावे. ‘शक्य तेथवर’ या शब्दांतून पळवाट निघते.

विरोधापेक्षा मागणी उपयोगी पडते: विलीनीकरण होणार असेल तर मराठी वर्ग त्याच्या शिक्षकासह, एका तुकडीच्या रूपात, नव्या इमारतीत हलवा. इमारत जाते, पद वाचते. आणि हे आदेश निघण्याआधी मागावे लागते. शिक्षक एकदा वधघटीत गेले की परत येत नाहीत.

१७. पुस्तके आणि दहावीचा पेपर मराठीत मिळतो का?

हो. गुजरातच्या पाठ्यपुस्तक मंडळाची मराठी माध्यमाची पुस्तके आहेत आणि बोर्डाची परीक्षा मराठीतून देता येते. शिक्षकांसाठीचे जास्तीचे साहित्य, प्रश्नसंच, व्हिडिओ मात्र मुख्यतः गुजरातीत. २०२० च्या धोरणात गणित-विज्ञानाची द्विभाषिक पुस्तके काढावीत असे म्हटले आहे. मराठी-गुजराती असे एक गणिताचे पुस्तक निघाले तर नव्या शिक्षकाचा अर्धा भार हलका होईल.

१८. मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचा इथल्या शाळांना फायदा?

३ ऑक्टोबर २०२४ ला मिळाला, आनंदच आहे. तो संशोधनाच्या, विद्यापीठांच्या कामाचा. प्राथमिक शाळेतले पद त्यातून निघत नाही.

१९. घरी आम्ही अहिराणी बोलतो. मग मराठी शाळा काय आणि गुजराती काय, मुलाला दोन्ही परकीच ना?

अहिराणी बोलणाऱ्या मुलाला मराठी पुस्तक गुजराती पुस्तकापेक्षा बरेच जवळचे असते, कारण घरात मराठी टीव्ही, आजीची पोथी, गावाकडची लग्नपत्रिका सगळे मराठीत. पहिल्या वर्षी बाईंनी चार शब्द अहिराणीत बोलले तर मूल खुलते. मकरपुऱ्याकडच्या वस्त्यांत हे फार जाणवते. वर्गात तीन भाषा असल्या म्हणून मुले गोंधळत नाहीत. एकही नीट शिकवली नाही तर गोंधळतात.

२०. सगळे करून पाहिले, शिक्षक नाही तो नाही. मुलाला गुजराती माध्यमात घालायचे तर कधी?

पालक हे विचारताना ओशाळतात. ओशाळायचे कारण नाही. माध्यम निवडणे हा पालकांचा अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्या खटल्यात हेच सांगितले.

बदलायचे तर दुसरी-तिसरीत किंवा मग पाचवी संपल्यावर, सहावीच्या तोंडावर. चौथी-पाचवीच्या मधे नको, आणि आठवीत तर नकोच, कारण तिथे विज्ञानाच्या संज्ञा एकदम बदलतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत गुजराती वाचन पक्के करून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे ताबडतोब द्यावा लागतो, ‘फी बाकी आहे’ किंवा ‘साहेब नाहीत’ म्हणून अडवता येत नाही. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेशही नाकारता येत नाही.

एक विनंती. दाखला घेताना अर्जात कारण लिहा: ‘मराठी माध्यमाचा शिक्षक उपलब्ध नाही’. ‘घरगुती कारण’ लिहू नका. अर्जाची पोच घेऊन ठेवा, आणि व्यवस्थापन समितीतल्या एखाद्या पालकाकडे एक प्रत द्या.